टकटक की ठकठक

ऑपरेटर ड्रायव्हरला किती ओळखत होता, याचं खरं उत्तर द्यायचं तर फारसा नाही. अकरा वर्षं तो रोज त्याच्या शेडमध्ये जाऊन बसला. एवढ्या वर्षांत त्याला ठाऊक झालेल्या गोष्टी एका पोस्टकार्डावर मावल्या असत्या, आणि वर खुशालीच्या दोन ओळींना जागाही उरली असती. ड्रायव्हर चहात साखर घालत नसे. ट्रकच्या मडगार्डला कुणी रेललं की त्याचं टाळकं फिरे. तो पाने-पकडी आकाराप्रमाणे लावून ठेवी, पण शर्टाची बटणं कधीच नीट लावत नसे. बायकोबद्दल तो एकदाच बोलला होता, तेही क्लचबद्दल बोलता बोलता.

त्यामुळे ड्रायव्हर गेल्यावर त्याची मुलगी शेड आवरायला आली आणि म्हणाली, "काका, काहीतरी सांगा ना बाबांबद्दल. आमच्यापेक्षा तुमच्याच वाट्याला जास्त आले ते," तेव्हा ऑपरेटर शर्टाच्या खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवत राहिला. शेवटी म्हणाला, "चांगला माणूस. फार चांगला."  मग तिने झाडू उचलला. जे सांगायला हवं होतं ते तसंच राहिलं.

ऑपरेटर म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गल्लीत त्याला तेच म्हणत. उभा जन्म त्याने कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आणि स्वतः तीन शब्दांच्या वर बोलला नाही: "नंबर?", "थांबा", "बोला". लग्नाचं राहून गेलं. धाकट्या भावाच्या घरी माडीवरची खोली त्याची. त्या खोलीच्या खिडकीखाली एक जुनी लाकडाची वखार होती. वखार बंद पडली आणि तिच्या शेडमध्ये ड्रायव्हर आपली ट्रक घेऊन आला. घेऊन आला म्हणजे उसनी चाकं चढवून, दुसऱ्या ट्रकला बांधून ओढत आणली.

ती जुन्या काळची लांब नाकाची ट्रक होती. इंजिन पुढे, केबिन मागे, दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. ड्रायव्हरने उमेदीची तीस वर्षं हीच गाडी चालवली होती. नंतर मालकाने ती भंगारात काढली. ड्रायव्हर निवृत्त झाल्यावर दोन वर्षं भंगारवाल्यांकडे शोध घेत फिरला, आणि एका ठिकाणी ती चाकांशिवाय, गवतात नाक खुपसून बसलेली सापडली. "मला बघून लाजली," असं तो सांगायचा.

ड्रायव्हरचा आवाज असा, की गल्लीत त्याला मागून भोंगा म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्याने इंजिन सुरू करून पाहिलं, तेव्हा ऑपरेटरच्या माडीवरची भांडी वाजली. भावजय तरातरा वर आली.

"भाऊजी, तुम्ही घरात मोठे ना? मग जा आणि सांगा त्या माणसाला. की मीच जाऊ लाटणं घेऊन?"

ऑपरेटर गेला. रस्ताभर त्याने मनाशी वाक्य घोटलं. शेडच्या दारात पोचेपर्यंत ते वाक्य विरघळलं आणि तोंडून भलतंच निघालं. "तुमच्या इंजिनात डाव्या बाजूला कुठेतरी शिट्टी वाजतेय."

ड्रायव्हर हातातलं फडकं तसंच धरून त्याच्याकडे बघत राहिला. "शिट्टी? कशी?"

"म्हणजे... दात पडलेल्या माणसाने फुंकर घातल्यासारखी."

ड्रायव्हर वाकला, डाव्या बाजूच्या नळीच्या जोडावरून साबणाचं पाणी फिरवलं. बुडबुडे आले. तिथून हवा जात होती. तो सरळ उभा राहिला आणि हसला. "बस खाली. चहा पितोस का?"

ऑपरेटरने तक्रार केलीच नाही. घरी आल्यावर भावजयीने विचारलं, "काय म्हणाला?" तर हा म्हणे, "चहा बरा करतो."

पुढे काही दिवसांनी ड्रायव्हरने खरी गोष्ट सांगितली. एक कान नोकरीतच गेला होता. दुसराही चालला होता. कानाच्या डॉक्टरांनी हातात यंत्र दिलं होतं. ते लावलं की डोक्यात नुसता कल्लोळ उठे, म्हणून ते बिस्किटाच्या डब्यात पडून होतं. दुसरा कान किती टिकेल असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले होते, काही सांगता येत नाही, पण फार वर्षं धरू नका.

"म्हणून घाई आहे," ड्रायव्हर म्हणाला. "हे कान बंद व्हायच्या आत मला ही पूर्वीसारखी बोलताना ऐकायची आहे. एकदाच. मग पडेनात का कानाला कुलपं."

ऑपरेटरने मान हलवली. एवढ्यासाठी एवढं? हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसला असावा.

"अरे, घरातल्या माणसांचे आवाज मला फोनवरचेच माहीत. पोरगी बोलायला लागली तेव्हा मी कुठे होतो? हिच्यात. पोरीचा पहिला शब्द मला कुणीतरी पत्रात लिहून कळवला. पण हिचा आवाज मी तीस वर्षं झोपेतसुद्धा ऐकलाय. तोच तेवढा मला पूर्ण पाठ आहे."

त्या दिवसापासून ऑपरेटर ड्रायव्हरचा कान झाला. ड्रायव्हर त्याला अरेतुरे करी. ऑपरेटरच्या तोंडून अकरा वर्षांत 'तुम्ही' काही सुटलं नाही.

काम सोपं नव्हतं. ऐकायचं ऑपरेटरने, आणि बिघाड शोधायचा ड्रायव्हरने. मधे नुसते शब्द. म्हणून ड्रायव्हरने त्याला शब्द शिकवले. फुसफुस म्हणजे कुठेतरी हवा जातेय. किरकिर म्हणजे पंख्याचा पट्टा. खडखड म्हणजे पत्रा ढिला, त्याची चिंता नाही. खुळखुळ म्हणजे काहीतरी तुटून आत पडलंय, इंजिन ताबडतोब बंद.

"आणि कुरकुर?" ऑपरेटरने विचारलं.

"ती सीटची. नाहीतर तुझ्या भावजयीची."

आणखी दोन शब्द होते, आणि सगळं त्या दोघांवर होतं. टकटक आणि ठकठक. टकटक हलकी, वरून येणारी, घड्याळासारखी. ती टॅपेटची. टॅपेट म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे छोटे दांडे. त्यांच्यातली फट वाढली की ते वाजतात. झाकण उघडायचं, पातळ पट्टी घालून फट मोजायची, स्क्रू फिरवायचा. एका चहाचं काम. ठकठक मात्र जड, खालून येणारी, कुणी मुठीने दार ठोठवावं तशी. ती पोटातल्या बेअरिंगची. तिचा अर्थ अख्खं इंजिन उतरवायचं.

पहिली काही वर्षं नुसत्या पुढच्या-मागच्या दुरुस्त्यांत गेली. रेडिएटर झाळून आणला, तर तो दुसऱ्याच ठिकाणी गळू लागला. ब्रेक झाले, तर स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागलं. सुट्या भागांच्या दुकानदाराने तर हात जोडले. "ड्रायव्हरसाहेब, हा पार्ट आता फक्त फोटोत मिळेल." मग शहराच्या टोकाचा लेथवाला एक-एक भाग घडवून देई. तो फार नेटका होता, पण कामाला हात लावायच्या आधी महिना-महिना नुसता विचार करी. एक बुश, म्हणजे दांड्यावर चढणारं पितळी कडं, त्याने दोनदा केला आणि दोन्ही वेळा केसभर मोठा केला. ड्रायव्हरने शिव्या घातल्या, त्याने ऐकून घेतल्या, आणि तिसरा बुश असा केला की तो बोटाने सरकला.

या काळात ड्रायव्हरला अधूनमधून ऐकू येई. कधी इंजिन सुरू झालं की तो चांगला कान त्याच्याकडे करून डोळे मिटे. "अजून ती नाही," म्हणे. "ही कुणी परकी बोलतेय." आणि इंजिन बंद करी.

आठव्या वर्षी एका दुपारी इंजिन पहिल्यांदा सलग चाललं. धूर कमी झाला. पट्टा गप्प होता. ऑपरेटर पुढे वाकून ऐकत राहिला. सगळं जागच्या जागी होतं, फक्त वरून एक हलका, नियमित आवाज येत होता.

ड्रायव्हर समोर उभा राहून त्याच्या तोंडाकडे बघत होता. अलीकडे त्याचं असंच झालं होतं. तो कानाने थोडं आणि डोळ्यांनी जास्त ऐके.

"टकटक," ऑपरेटर म्हणाला.

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "ठकठक?"

ऑपरेटरने तो 'ठ' स्वच्छ ऐकला. चुकीची ऐकलेली नावं दुरुस्त करण्यातच त्याची नोकरी गेली होती. पलीकडचा माणूस काय म्हणाला आणि अलीकडच्याने काय ऐकलं, यातला फरक त्याला झोपेतही कळला असता. आता फक्त 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

पण ड्रायव्हरने आधीच मान डोलवायला सुरुवात केली होती. "वाटलंच मला. पायाला जाणवत होतं. खालचं गेलंय." आणि ऑपरेटरच्या मनात आलं, आपण कोण? याने तीस वर्षं हे इंजिन चालवलंय. आपण ऐकलं ते बरोबरच कशावरून? कदाचित आवाज खालूनच येत असेल. कदाचित जडच असेल. वय झालं आपलंही.

"ठकठकच ना?" ड्रायव्हरने पुन्हा विचारलं.

"हां... तसंच काहीसं," ऑपरेटर म्हणाला.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि स्टुलावर बसून बराच वेळ हात पुसत राहिला. मग उठून इंजिन उचलायची साखळीची कप्पी शोधू लागला.

इंजिन उतरवायलाच तीन आठवडे लागले. पोट उघडल्यावर बेअरिंग थोडी झिजलेली निघाली. एवढ्या वयात कुणाची झिजत नाहीत? पण ड्रायव्हरला पुरावा मिळाला. "बघ, तुझा कान म्हणजे कान," तो म्हणाला, आणि ऑपरेटरला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

तीन दिवसांत बोलला असता तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. तीन आठवड्यांनी एक सणसणीत शिवी बसली असती. तीन महिन्यांनी काय झालं असतं, याचा विचारही ऑपरेटरला सोसवेना. रोज जिना उतरताना तो ठरवी, आज सांगायचं. रोज चढताना ठरवी, उद्या. लेथवाला आपल्या पद्धतीने विचार करत होता. बेअरिंगचा एक जोड चुकीच्या मापाचा आला, तो परत गेला. मधे दोन महिने नुसती वाट पाहण्यात गेले. ड्रायव्हर रिकाम्या नाकाडात डोकं घालून तारा नव्याने ओढत बसे आणि ऑपरेटर त्याला पक्कड देत बसे.

"भाऊजी, एवढे गप्प का हल्ली?" भावजयीने विचारलं. "तुम्ही बोलत नाही हे माहीत आहे मला. पण हे गप्प राहणं वेगळं दिसतंय."

"काही नाही."

"त्या भोंग्याशी बिनसलं काय?"

"नाही गं. तो बरा आहे."

तो बरा नव्हता. आधी त्याला चहाचं आधण ऐकू येईनासं झालं आणि दोनदा भांडं करपलं. मग शेडचं लोखंडी दार. मग एके दिवशी ऑपरेटर मागून हाका मारत आला, एक, दोन, चार हाका, आणि खांद्यावर हात पडताच ड्रायव्हर असा दचकला की हातातला पाना गडगडत गाडीखालच्या खड्ड्यात गेला. पाना पडल्याचा आवाज शेडभर घुमला. ड्रायव्हरने वळून विचारलं, "कुठे पडला?"

नऊ महिन्यांनी इंजिन जागेवर बसलं, तेव्हा ड्रायव्हरचे दोन्ही कान गेले होते. तो आता भिंतीवर खडूने लिहिलेलं वाचे. त्याने स्वतःच भिंतीचा एक तुकडा काळा रंगवला होता. वर एका रांगेत सगळे शब्द लिहून ठेवले होते, म्हणजे ऑपरेटरने नुसतं बोट ठेवायचं.

इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरने तळहात बॉनेटवर ठेवला आणि ऑपरेटरकडे पाहिलं.

वरून तोच आवाज येत होता. हलका, नियमित, घड्याळासारखा.

ऑपरेटरला वाटलं, इथून पळत सुटावं. मग तो भिंतीपाशी गेला आणि बोट ठेवलं. टकटक.

ड्रायव्हरने शब्द वाचला. जवळ आला, पुन्हा वाचला. "टकटक? वरची?"

ऑपरेटरने मान हलवली.

"मग तेव्हा काय होतं? तेव्हाची ठकठक गेली?"

ऑपरेटरने बोट उचललं नाही. ते टकटकवरच होतं.

इंजिन चालू होतं. ड्रायव्हर त्या बोटाकडे बघत उभा राहिला. मग तो स्वतःशीच, आवाज न काढता, दोन्ही शब्द म्हणून बघू लागला. एका हाताची बोटं ओठांवर ठेवली. टकटक. ठकठक. टकटक. ओठ दोन्ही वेळा सारखेच हलत होते.

"घ्या," तो म्हणाला. "म्हणजे तू बरोबर बोललास आणि माझ्या डोळ्यांनी घोळ घातला." त्याला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. "नऊ महिने. एका अक्षराच्या फरकाने गाडी फाट्यावरून भलतीकडे गेली."

ऑपरेटरने खडू उचलला. भिंतीवर खाली, मोकळ्या जागेत लिहिलं, 'मला'. पुढे त्याला लिहायचं होतं, तेव्हाच कळलं होतं. पण ड्रायव्हर पाठ फिरवून इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण उघडायला लागला होता. ऑपरेटरने बाहीने 'मला' पुसून टाकलं.

काम एका चहाचंच होतं. चहा मात्र तसाच गार झाला. झाकण बसलं, इंजिन पुन्हा सुरू झालं आणि शेडमध्ये असा आवाज भरला की ऑपरेटरच्या अंगावर काटा आला. कुठेही काहीही वाजत नव्हतं, आणि तरी सगळं वाजत होतं. सलग, खोल, पोटातून येणारं. ड्रायव्हर वर्षानुवर्षं 'ती' म्हणत होता ती हीच असावी, हे ऑपरेटरला न सांगता कळलं.

ड्रायव्हर बॉनेटवर दोन्ही हात ठेवून, मग कपाळ टेकवून उभा होता. मान वर करून त्याने विचारलं, "कशी आहे? सांग. बोलतेय का पूर्वीसारखी?"

ऑपरेटर भिंतीपाशी गेला. फुसफुस, किरकिर, खडखड, खुळखुळ. भिंतीवरचे सगळे शब्द बिघाडाचे होते. चांगल्या आवाजासाठी त्यांनी कधी शब्द ठरवलाच नव्हता. त्याने खडू धरला, उचलला, पुन्हा टेकवला. इतकी वर्षं ऐकत राहिलेल्या माणसाला जे सुचलं ते त्याने लिहिलं.

'ठीक.'

ड्रायव्हरने वाचलं आणि खो खो हसत सुटला. त्याचा तो भोंग्याचा आवाज इंजिनाच्याही वर गेला. "ठीक! दोन कान घालवले मी हिच्यापायी, आणि हा काय म्हणतो, तर ठीक!" हसता हसता त्याने फडक्याने तोंड पुसलं. फडकं डोळ्यांवर जरा जास्त वेळ राहिलं.

गाडी चालू झाली म्हणून दुरुस्ती संपली असं काही झालं नाही. पुढच्याच महिन्यात क्लच घसरू लागला. मग रेडिएटर पुन्हा गळला, तिसऱ्या ठिकाणी. अधूनमधून दोघं तिला रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊन आणत. मागून हॉर्न आला की ऑपरेटरने ड्रायव्हरच्या मांडीवर थाप मारायची, असा करार होता. ड्रायव्हर समोर बघून गाडी हाकी आणि तोंडाने, त्याला स्वतःलाही ऐकू न येणारं, कसलंसं गुणगुणत राही. ऑपरेटर शेजारी बसून दोन्ही आवाज ऐके. असं वर्ष-दीड वर्ष गेलं. ते सांगायचं मात्र राहूनच गेलं.

मग ड्रायव्हरला नीट दिसेनासं झालं. ओठही धूसर दिसतात म्हणाला. मुलगी तिच्या गावी डोळ्यांचे डॉक्टर चांगले आहेत म्हणून बोलावत होती. "दोन दिवसांत येतो," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्याकडे उठलाच नाही. पण ते नंतरचं.

तो निघाला त्या सकाळी ऑपरेटर लवकर उतरला. रात्रीच त्याने मनाशी पक्कं केलं होतं, आज सांगायचं. ड्रायव्हरने शेडला कुलूप घातलं होतं. भिंत आत राहिली होती. खिशात पेन होतं, पण कागद नव्हता. ड्रायव्हर पिशवी खांद्याला लावून वखारीच्या फाटकापाशी उभा होता, बटणं नेहमीसारखी वरखाली. ऑपरेटर त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरने सवयीने डोळे बारीक करून त्याच्या ओठांकडे पाहिलं. ऑपरेटरने तोंड उघडलं, आणि पुन्हा भलतंच निघालं.

"चष्मा घेतलात का?"

"हो, जेवलो की," ड्रायव्हर म्हणाला. "पोटभर. जा, तूही जेवून घे."

"बरं," ऑपरेटर म्हणाला.